आपल्या केसपेपरचं पुढे काय होतं? (हॉस्पिटलातल्या नोंदींचं कोठार आणि संशोधन)

केळफूल

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीपासून मी एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात डेटा इंजिनिअर म्हणून लागलेय. नाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं आहे एवढं पुरे. त्याआधी अकरा वर्षं बँकेची डेटा वेअरहाऊसं, म्हणजे माहितीची कोठारं बांधली, त्यामुळे वाटलं होतं, तेच काम. पण बँकेतल्या खात्याला ताप येत नाही.

काम काय, तर लॅबचं सॉफ्टवेअर वेगळं, बिलिंगचं वेगळं, फार्मसीचं तिसरंच, एक्स-रे-एमआरआयचे रिपोर्ट आणखी कुठेतरी. हे सगळं रोज रात्री एका जागी ओढून आणायचं, एका पेशंटचं सगळं एका नंबराखाली जोडायचं, नाव-पत्ता-फोन उडवायचा आणि मग डॉक्टरांना हवे ते प्रश्न विचारू द्यायचे. गेल्या आठ वर्षांत न्यूमोनिया घेऊन आलेल्यांत डायबेटिसवाले किती, त्यांना कुठलं अँटिबायोटिक सुरू केलं, कितव्या दिवशी घरी गेले, वगैरे. पूर्वी एमडीची मुलं थिसिससाठी हेच काढायला रेकॉर्ड रूममध्ये महिनोन्महिने धूळ खायची. आता चहा गार व्हायच्या आत उत्तर येतं.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत.

एक. चाचणीसाठी नावं उडवलेल्या नोंदींपैकी सहज एक उघडली. बाई, वय ६७, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन, सल्फाची ॲलर्जी. खाली भूलतज्ज्ञांचा शेरा: 'मुलगी आयटीत. फार प्रश्न विचारते. वेळ राखून ठेवावा.' ती मुलगी मी. नाव नाही, पत्ता नाही, आणि समोर माझी आई. तिला यातलं कोणीही काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

दोन. आयसीयूतल्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) पेशंटचा पहिला तक्ता काढला. शहरापासून तालुका जितका लांब, तितके मृत्यू कमी! आठ किलोमीटरवरचा माणूस दगावतोय आणि ऐंशी किलोमीटरवरचा वाचतोय. मीटिंगमध्ये एक सर म्हणाले, "खेड्यातली माणसं मुळात काटक." त्यावर पेपर लिहायचं घाटतंय. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही.

तर प्रश्न असा: प्रत्येकाला न विचारता या नोंदी संशोधनाला वापराव्यात का? आणि वापरून खरंच काही हाती लागतं का?

झिपऱ्या

पहिला! 'वेळ राखून ठेवावा' :-) भूलतज्ज्ञांना दंडवत.

तिरकस

बिल भरलं मी, सुया टोचून घेतल्या मी, एक्स-रेच्या खोलीत उघड्या पाठीने कुडकुडलो मी, आणि पेपरवर नाव कोणाचं? आज संशोधन म्हणतील, उद्या तोच माल औषध कंपनीला, परवा विमा कंपनीला. माझा केसपेपर माझा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विषय संपला.

डॉ_खडूस

तिरकसराव, तुमचा विषय फार लवकर संपतो.

व्हायॉक्स नावाची सांधेदुखीची गोळी होती. अमेरिकेत १९९९ मध्ये आली आणि ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने जगभरातून मागे घेतली, कारण हार्ट अटॅक वाढत होते. बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांमध्ये हजारो लोक असतात. क्वचित होणारा अपाय त्यात सहज दडून जातो. कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या विमा आणि हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या रोजच्या नोंदी चाळल्या तेव्हा तो स्पष्ट दिसला. त्या १४ लाखांना एकेक करून फॉर्म भरायला लावले असते तर अजून भरत बसले असते.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. स्टॅनफर्डला ल्युपसची (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) १३ वर्षांची मुलगी आली. मूत्रपिंडं बिघडलेली, स्वादुपिंडाला सूज. रक्ताची गुठळी होण्याची भीती, पण रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर रक्तस्रावाची भीती. पुस्तकात उत्तर नाही, सहकाऱ्यांत एकमत नाही. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या वेअरहाऊसमधून ल्युपसच्या ९८ मुलांच्या नोंदी काढल्या. १० जणांना गुठळ्या झाल्या होत्या, आणि हिच्यासारखी लक्षणं असलेल्यांत प्रमाण जास्त होतं. चार तासांच्या आत उत्तर, मग औषध सुरू. २०११ मध्ये त्यांनी हे छापलं. मुलीला गुठळी झाली नाही. औषधामुळे झाली नाही की होणारच नव्हती, हे कदाचित कधीच कळणार नाही, असंही त्यांनीच लिहून ठेवलं. हा प्रामाणिकपणा आमच्या धंद्यात दुर्मिळ, म्हणून आवडतं.

केळफूल, तुझ्या काटक खेडूतांवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

चार्ल्सकाठचा

आईची नोंद ओळखू आली यात नवल नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्सची जुनी गोष्ट आहे. १९९० च्या दशकात इथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटलच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी ग्वाही दिली की कोणी ओळखू येणार नाही. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे यादीत सहा जण, त्यातले पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडातला एकच. बाईंनी गव्हर्नरसाहेबांचेच कागद त्यांच्या ऑफिसला पाठवून दिले.

मी ज्यावर काम केलंय तो साठा बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलातल्या आयसीयूचा. मिमिक म्हणतात. एक छोटा कोर्स करून करारावर सही केली की जगातला कोणीही संशोधक वापरू शकतो. त्यात तारखा पुढे सरकवलेल्या असतात, सगळे पेशंट २१०० ते २२०० या काळात भरती झालेले. पण एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच सरकवतात, म्हणजे दोन तपासण्यांमधलं अंतर बिघडत नाही. आणि ८९ च्या पुढचे म्हातारे मोजकेच, चटकन ओळखू येतील, म्हणून तिसऱ्या आवृत्तीत त्यांची वयं ३०० च्या वर टाकली होती. मी माहितीपत्रक न वाचता सरासरी वय काढलं आणि आठवडाभर गाइडला भीष्माचार्यांबद्दल सांगत होतो.

खरा घात मोकळ्या मजकुरात असतो, जसा तुमच्या शेऱ्यात. इंग्रजी नावं हुडकून पुसणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण आपली आडनावं? मोरे रोमन लिपीत लिहा, इंग्रजीतला 'मोर' झाला. दाते लिहा, 'डेट' झाली. काळे म्हणजे तर इथे पालेभाजी.

झिपऱ्या

म्हणजे दाते काकांना पेशंट न समजता शंभर वर्षं पुढे सरकवणार. मला पण करा.

कलमवाली

कायद्याचं थोडक्यात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, कलम १७. संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामाला सूट आहे. अट ही की त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि सरकारने ठरवलेली मानकं पाळायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. गंमत म्हणजे या कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा दर्जाच नाही. एचआयव्ही आणि मनोविकारांसाठी २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत, ते सोडले तर तुमचा कॅन्सरचा रिपोर्ट आणि पिझ्झाची ऑर्डर एकाच तागडीत.

दुसरं, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. जुन्या नोंदी, ओळख काढलेली, धोका किमान, असं असेल तर संमतीची अट माफ होऊ शकते. पण माफ एथिक्स कमिटी (संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती) करते, आयटी विभाग नाही. केळफूल, कमिटीचा कागद आहे का तुमच्याकडे?

तिरकस

मग डॉक्टरांची ती ल्युपसवाली मुलगी? तिच्याबद्दल निर्णय घेतलाच की.

कलमवाली

तिच्याबद्दल घेतला, पण माहिती त्या ९८ जणांची होती. ज्याची माहिती त्याच्यावरच निर्णय उलटवला तर सूट गेली. उद्या विमा कंपनीने तुमच्याच नोंदी बघून तुमचाच हप्ता वाढवला तर तो संशोधनाच्या पांघरुणाखाली येणार नाही.

केळफूल

कागद आहे. कमिटीसमोर मीच सादरीकरण केलं. दोन तास चालली मीटिंग, त्यातला पाऊण तास 'वेअरहाऊस' म्हणजे गोडाऊन का, यावर.

स्टाफसिस्टर

मी एकोणीस वर्षं वॉर्डात आहे. तुम्ही सगळे नोंदी कोणाच्या यावर भांडताय, त्या भरतं कोण ते सांगते.

सकाळी सहाची फेरी. चाळीस बेड, दोघी सिस्टर. श्वास मोजायचा तर छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभं राहायला लागतं. चाळीस मिनिटं नुसते श्वास मोजू? म्हणून सगळ्यांचा श्वास २०. वाटल्यास तुमच्या मशीनमध्ये बघा, वीसच्या रांगाच्या रांगा असतील. टेम्परेचर ९८.६. बीपी १२०/८० नाहीतर १३०/८०. कुठे १२७ दिसला तर समजायचं मॉनिटरने घेतलाय. पेशंटला खरंच धाप लागली असेल तेव्हा मात्र ३२, ३६ असा खरा आकडा असतो, तेव्हा आम्ही उभ्या राहतो.

वेळेचंही तेच. औषध आठला दिलेलं असतं, कॉम्प्युटरवर चढतं अकराला, कारण लॉगिन एक आणि आम्ही दोघी, शिवाय मधे राउंड. कोणी उद्या पेपर लिहू नका की सिस्टर औषध तीन तास उशिरा देतात.

डॉ_खडूस

सिस्टर, तुमचा वीस तसा आमचा 'एनएडी'. नो ॲब्नॉर्मॅलिटी डिटेक्टेड. रेसिडेंट असताना आम्ही त्याचा अर्थ 'नॉट ॲक्चुअली डन' असा सांगायचो.

झिपऱ्या

केळफूलतै, जन्मतारखा बघितल्यात का? आमच्या आज्जी, आजोबा, मोठे काका, शेजारचे तात्या, सगळे १ जूनचे. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. तुमच्या हॉस्पिटलात १ जूनला केक किती लागत असतील!

केळफूल

झिपऱ्या, अगदी! वाढदिवसांचा आलेख काढला तर सपाट माळरानावर एकच मनोरा, १ जून. लहानसा दुसरा १ जानेवारीला. मी आधी सॉफ्टवेअरमधली चूक समजून दोन दिवस शोधत होते. बॉस्टनच्या बाईंना आमच्याकडे जन्मतारखेवरून माणूस शोधायला घाम फुटला असता.

सिस्टर, वीसच्या रांगा आहेत. मोजल्या नाहीत, मोजवल्या नाहीत.

पॅरिसपूरकर

इथला अनुभव सांगतो. पॅरिस आणि आसपासच्या ३८ सरकारी रुग्णालयांचं मिळून एक कोठार आहे, त्याला तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने २०१७ मध्ये परवानगी दिली. एक कोटीहून जास्त रुग्ण. प्रत्येकाची सही घेत नाहीत. पण सांगतात. भरती होताना मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की तुमच्या नोंदी संशोधनाला वापरल्या जाऊ शकतात, नको असेल तर कळवा, आणि कळवल्याने उपचारात फरक पडणार नाही. माझ्या बायकोच्या बाळंतपणात मी ती पुस्तिका पहिल्यांदा पूर्ण वाचली. कळा चौदा तास चालल्या, दुसरं करणार काय.

इंग्लंडने मात्र हात पोळून घेतले. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करायची केअर डॉट डेटा नावाची योजना २०१३ मध्ये आणली. लोकांना नीट सांगितलं नाही, ओरड झाली, २०१४ मध्ये थांबवली, २०१६ मध्ये गुंडाळली. नंतर कोविडमध्ये त्यांनीच ओपनसेफली उभं केलं. त्यात नोंदी जागेवरून हलतच नाहीत. संशोधक प्रोग्रॅम लिहून आत पाठवतो आणि बाहेर फक्त बेरजा-टक्केवारी येते. कोणी काय विचारलं याचा पाढाही सगळ्यांसमोर असतो. त्यातून सुमारे पावणेदोन कोटी प्रौढांच्या नोंदींवर कोविडच्या मृत्यूंचा अभ्यास २०२० मध्येच आला. लोक तेच, नोंदी तशाच.

गुळपोळी

मी दोनदा केमो घेतलेली बाई आहे. माझ्यापुरतं सांगते: वापरा. सगळं वापरा. माझ्या डॉक्टरांनी 'या प्रकारात या वयाला साधारण असं होतं' असं जे मला सांगितलं, ते कोणाच्या तरी कागदांवरूनच आलं ना? मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, बार्शीची १९८७ ची, खेड्यातली देशातली पहिली. माझे सासरे बार्शीचे. ते सांगतात की नोंदणीची माणसं गावोगाव फिरून पारावर बसून विचारायची, कोणाला गाठ आहे का, कोणाला अंगावरून जातंय का. लोक आधी दारं लावून घ्यायचे, मग हळूहळू बोलायला लागले.

पण एक. सगळं वापरा म्हणाले तरी कोणीतरी सांगावं असं वाटतं. चोरून घेतलेली भाकरी आणि मागून घेतलेली भाकरी, पोटात गेल्यावर सारखीच असेल, तरी.

स्टाफसिस्टर

गुळपोळी, तुम्हाला उदंड आयुष्य. +१

तिरकस

बरं बाई, तुमच्यासाठी अर्धं पाऊल मागे घेतो. पण सर्जिस्फिअर नावाची डेटा विकणारी कंपनी विसरू नका. मे २०२०, लॅन्सेटसारखं मासिक. ६७१ हॉस्पिटलं आणि कोविडचे ९६,०३२ पेशंट यांचा डेटा म्हणे, आणि निष्कर्ष काय तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने चाचणीचा तो भाग थांबवला. मग कोणीतरी बघितलं की ऑस्ट्रेलियातले मृत्यू पेपरमध्ये ७३ आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात झालेले ६७! मूळ डेटा दाखवा म्हटल्यावर कंपनीने हात वर केले. ४ जूनला पेपर मागे. तेरा दिवसांचं आयुष्य. ज्या कोठाराला खिडकी नाही त्यात धान्य आहे की उंदीर, कसं कळणार?

शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा सगळं कागदावर आलं होतं. एका जागी गोळा करणं म्हणजे एका जागी लुटायची सोय.

डॉ_खडूस

सर्जिस्फिअरबद्दल शंभर टक्के मान्य. आणि तो औषधाचा प्रश्न शेवटी सोडवला कोणी? ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने. चिठ्ठ्या टाकून पेशंट वाटले, ५ जून २०२० ला सांगितलं की फायदा नाही. कोठार प्रश्न सुचवतं. औषध लागू पडतं का, हे ठरवायला बहुतेक वेळा चाचणीच लागते.

आता केळफूलच्या तक्त्याकडे. बॉस्टनच्या दोन हॉस्पिटलांतल्या साडेसहा लाखांहून जास्त पेशंटवर २०१८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. रक्ताची तपासणी कधी सांगितली, म्हणजे कुठल्या वेळी, कुठल्या वारी, किती दिवसांनी परत, यावरून तीन वर्षांनी माणूस जिवंत असेल का याचा अंदाज १७४ पैकी ११८ तपासण्यांमध्ये प्रत्यक्ष निकालापेक्षा चांगला येत होता! विचार केला तर सरळ आहे. पहाटे तीनला पांढऱ्या पेशी मोजायला कोण सांगतं? ज्याला पेशंट हातचा जाईल अशी धास्ती आहे तोच. म्हणजे नोंदीत रक्त कमी आणि डॉक्टरची धास्ती जास्त असते.

न्यूमोनियाचंही जुनं उदाहरण आहे. कॉम्प्युटरने शिकून सांगितलं, दमा असेल तर न्यूमोनियाने मरायचा धोका कमी. कारण? दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की थेट आयसीयूत टाकत होते, म्हणून ते वाचत होते. ते ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर?

तुझ्या लांबच्या तालुक्यांतही असंच काहीतरी दडलंय. कदाचित खूप सिरियस असलेले वाटेतच जातात, पोचतात ते बरे असतात. खात्री नाही.

निवृत्त_फायलीवाला

केळफूलताई, मी एका हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात, एकतीस वर्षं होतो. कॉम्प्युटरातलं फार कळत नाही. नातवाने धागा दाखवला. डॉक्टरसाहेबांचं कारण थोडंफार असेल, पण मला वेगळंच वाटतं.

डिस्चार्जचा प्रकार बघितलात का? आमच्याकडे शिक्के असायचे. बरा, तसाच, दुसरीकडे पाठवला, मयत. आणि एक 'डामा', डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी. कोणी त्याला 'लामा' लिहितं, कोणी नुसतं 'विनंतीवरून'.

व्हेंटिलेटरवरचा पेशंट असतो. डॉक्टर नातेवाइकांना जिन्याजवळ घेऊन सांगतात, आता हातात फारसं नाही. शहरातला माणूस म्हणतो, असू दे, बघू. ऐंशी किलोमीटरवरचा माणूस हिशोब मांडतो. रोजचं बिल. इथे राहणाऱ्या चार जणांचं जेवणखाण. जिवंत माणूस न्यायला गाडी मिळते. मयत न्यायला गाडीवाला दुप्पट मागतो, रात्री तर येतच नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे म्हाताऱ्याचे डोळे घरच्या उंबऱ्याच्या आत मिटावेत. मग सही करून नेतात. वॉर्डबॉय हाताने फुगा दाबत गाडीत बसतो. घरी अंथरूण घातलेलं असतं, सगळी जमलेली असतात. मग नळी काढतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत. आमच्या फायलीवर मात्र 'घरी गेला'.

एकदा एका मुलाने सहीसाठी माझं पेन घेतलं आणि गडबडीत घेऊनच गेला. वडलांना नेत होता. पाचव्या दिवशी आला, डोक्याचे केस काढलेले. विम्यासाठी कागद हवा होता, आणि पेन परत द्यायला. त्या दिवशी मी ती फाईल काढून वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारली. पुढे असं कोणी कागदाला आलं की फुली मारायचो. कोणी सांगितलं नव्हतं. लांबच्या गावांच्या फायलींवर फुल्या जास्त असायच्या, हे मला तेव्हाच दिसत होतं.

कॉम्प्युटर आला तेव्हा सगळं चढवलं, पेन्सिलीच्या फुल्या सोडून. त्यांना रकाना नव्हता.

गुळपोळी

काका. काही लिहायला सुचत नाहीये.

झिपऱ्या

_/\_

केळफूल

काका, काल रात्री वाचलं आणि आज सकाळी साडेसातला ऑफिसात होते.

डिस्चार्जचा प्रकार हा रकाना मी वेअरहाऊसमध्ये आणलाच नव्हता. तो बिलिंगच्या टेबलात होता, आणि बिलिंगचं संशोधनाला काय करायचंय म्हणून मीच सोडून दिला होता. मृत्यू कशावरून धरले होते, तर डेथ समरी आहे की नाही यावरून. डेथ समरी नाही म्हणजे जिवंत!

आज रकाना जोडला. डामा, लामा, एलएएमए, डीएएमए, 'ऑन रिक्वेस्ट', आणि एका ठिकाणी 'नातेवाईक घेऊन गेले', अशी अकरा रूपं सापडली. जवळच्या तालुक्यापासून लांबच्या तालुक्याकडे जावं तसा त्यांचा वाटा चढत जातो. मृत्यू आणि हे सगळे एकत्र धरले तर माझा उतरता आलेख जवळजवळ आडवा झाला. काटक सरांना दुपारी दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "पेपर थांबवा."

त्या फुल्यांच्या फायली कुठे असतील हो, काका?

निवृत्त_फायलीवाला

रद्दीत. नियमाने तीन वर्षं ठेवायच्या, आम्ही दहा ठेवल्या. मग एक पावसाळा आणि वाळवी, राहिलेल्या मीच ट्रकमध्ये मोजून दिल्या.

डॉ_खडूस

काकांना माझा साष्टांग. पण केळफूल, आता दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. डामा म्हणजे मयत असं सरसकट धरू नको. पैसे संपले म्हणून सिव्हिलला नेलेले असतात, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेले असतात, भांडून गेलेले तर कितीतरी. आडवा आलेखही खोटाच असेल, फक्त उलट्या बाजूने. तिसाव्या दिवशी फोन करून विचारल्याशिवाय खरं कळणार नाही.

स्टाफसिस्टर

तो फोन कोण करणार? परत आम्हीच ना :-)

आणि तिसाव्या दिवशी करायचा असेल तर कोणालातरी नीट बोलायला शिकवून मग करा. "पेशंट कसा आहे?" असं उत्साहात विचारलं आणि पलीकडे घर शोकात असलं तर? मी एकदा केलाय असा फोन.

तिरकस

आणि हेच ते फोन नंबर ना, जे तुम्ही उडवले म्हणालात?

केळफूल

वेअरहाऊसमधून उडवलेत, हॉस्पिटलकडे आहेत. जोडणारी किल्ली वेगळ्या माणसाकडे असते, माझ्याकडे नाही. पुढच्या पेशंटना फोन करायचा असेल तर भरतीच्या वेळीच विचारून ठेवावं लागेल, आणि ते परत एथिक्स कमिटीपुढे. कलमवाली, बरोबर ना?

कलमवाली

बरोबर. फोन केला की तो जुन्या नोंदींचा अभ्यास राहत नाही. संमती घ्या.

केळफूल

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे विचारायचं की नाही. पॅरिसपूरकरांचं मी आमच्या कमिटीत मांडलं. सगळ्यांच्या सह्या नकोत, पण ओपीडीत बोर्ड लावायचा, केसपेपरच्या मागे छापायचं आणि 'नको' म्हणायची सोय ठेवायची, इतपत सगळे तयार झालेत. गुळपोळीताईंची भाकरी मी जशीच्या तशी सांगितली, माफ करा, नाव न घेता. मोकळा मजकूर तूर्त बाहेरच ठेवलाय.

आईलाही विचारलं. ती म्हणाली, "गुडघ्याचं वापर हवं तेवढं, पण त्या भूलवाल्याला म्हणावं, प्रश्न विचारते तर उत्तरं द्यायची."

बोर्डाचा मजकूर लिहायचं काम माझ्यावर आलंय. कच्चा खर्डा: 'या रुग्णालयातील विदा वैयक्तिक ओळख वगळून वैद्यकीय संशोधनासाठी वापरला जातो.' सुचवा.

झिपऱ्या

विदा?? दवाखान्याच्या दारात विदा? पेशंट तिथूनच परत फिरेल.

पॅरिसपूरकर

'विदा' म्हणजे डेटा, हा शब्द आम्हा आंतरजालीय मराठीवाल्यांचा. ओपीडीत 'तुमच्या तपासण्यांची आणि औषधांची माहिती' असं सरळ लिहा. आणि 'वापरला जातो' नको, 'आम्ही वापरतो' लिहा. कोण वापरतं ते कळू दे.

निवृत्त_फायलीवाला

अक्षर मोठं ठेवा. आणि बोर्ड केसपेपरच्या खिडकीजवळ लावा, औषधांच्या खिडकीजवळ नको. तिथे लोक फक्त बिल बघतात.

केळफूल

दुसरा खर्डा: 'तुमच्या तपासण्यांची आणि औषधांची माहिती आम्ही तुमचं नाव काढून संशोधनासाठी वापरतो. नको असेल तर खिडकी क्र. ४ वर सांगा. उपचारात काहीही फरक पडणार नाही.'

तिरकस

हे बरं आहे. मी खिडकी चारवर जाईन, पण बरं आहे.

गुळपोळी

सासऱ्यांना वाचून दाखवलं. 'नाव काढून' ऐकून ते खूश झाले. म्हणाले, दवाखाना आपलं नाव काढणार म्हणजे चांगलंच आहे की, पोरांनी तर काढलं नाही.

केळफूल

अरे देवा. 'नाव वगळून' करते. बोर्ड सोमवारी छापायला जातोय, अजून काही असेल तर रविवारपर्यंत सांगा.